न्हाणीघरात जाळ नको

नवं घर बांधताना फरशी, किचन ओटा, छताचे दिवे यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं, हे मात्र प्लंबरवर सोडलं जातं. तो बहुधा गॅस गिझर सुचवतो. स्वस्त, झटपट आणि विजेचं बिल नाही! दर हिवाळ्यात या निवडीचे परिणाम आम्ही आपत्कालीन विभागात पाहतो.

‘बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली’ असं सांगत नातेवाईक धडधाकट तरुण मुलीला घेऊन येतात. लहानशी खोली, थंडीमुळे बंद केलेली खिडकी आणि आतच पेटलेला गिझर. ज्वलनाला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळीही ९८ दाखवू शकतो, कारण साध्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. त्या आकड्यावर विसंबू नये. रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि गिझर गॅसचा होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. फिट आली असेल, असं समजून गेलेला वेळ महागात पडतो.

ज्यांचं घर बांधून झालं आहे, त्यांनी निदान गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत हलवावा. नव्याने बांधणाऱ्यांनी मात्र हीट पंपाचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव नवं वाटलं तरी तत्त्व घरातलंच आहे. फ्रिज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला विजेच्या साध्या गिझरला सुमारे साडेतीन युनिट लागतात, हीट पंपाला एक-सव्वा. कडाक्याच्या थंडीच्या देशांत त्याची कार्यक्षमता घसरते. आपल्याकडची उबदार हवा त्याला मानवते. सोलरसारखं पावसाळ्यात अडून बसणं नाही. मुख्य म्हणजे जाळ नाही.

तो महाग आहे, हे खरंच. साध्या गिझरच्या कितीतरी पट. शिवाय तो सावकाश तापवतो. टाकीभर पाण्याला दोन-तीन तास सहज लागतात. म्हणून चौघांच्या घराला दीडशे-दोनशे लिटरची टाकी हवी, आणि तिची जागा नकाशातच ठरायला हवी. भरल्या टाकीचं वजन पेलणारा स्लॅब, बाहेरची खेळती हवा, उष्णतारोधक वेष्टन असलेले पाइप आणि व्यवस्थित अर्थिंग. बेडरूमच्या खिडकीखाली मात्र बसवू नका. कॉम्प्रेसरची घरघर झोप मोडते.

तापमानाबाबत माझा आग्रह आहे. वीज वाचवायला टाकी ४० अंशांवर ठेवण्याचा मोह होतो, पण कोमट साठवलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. टाकी ६० अंशांवर ठेवावी. मात्र तेच पाणी थेट नळाला आलं तर मोठ्या माणसाचीही कातडी पाचेक सेकंदांत भाजते. लहान मुलं आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेले आजी-आजोबा यांना तर जास्तच धोका. त्यामुळे थंड पाणी आपोआप मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह सुरुवातीलाच बसवून घ्या.

यंत्रातून एसीसारखंच पाणी ठिबकतं. त्याची नळी सरळ गटारात सोडायला सांगा. भांडं ठेवलंत तर आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार.