‘लागली’ म्हणणारा गडी



गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे चारपांच माजी विद्यार्थी पुण्याहून व नागपुराहून घरीं आले, ते एक नवा खेळ बरोबर घेऊनच आले. त्या खेळाचें नांव एअरसॉफ्ट. आपल्या येथील सोबत्यांना तो शिकवावा, नवशिक्यांचा एक लहानसा संघ उभारावा, आणि त्यासाठीं शाळेमागचें आवार मिळावें, अशी विनंति घेऊन ते मजकडे आले. वर्गांत नेहमीं खिडकीबाहेर पाहणारे हेच गृहस्थ आज दुसऱ्यास कांहीं शिकवूं म्हणतात, याचें मला कौतुक वाटलें. परंतु त्यांनीं पिशवी उघडून आंतील जिन्नस टेबलावर मांडले, तेव्हां मात्र मी दचकलों. त्या दिसण्यांत हुबेहूब बंदुका होत्या.

तेव्हांपासून ‘असा खेळ मुलांना शिकवावा कीं नाहीं?’ हा प्रश्न मला अनेक पालकांनीं केला आहे. त्यास माझें जें उत्तर आहे, तें या पानांतून सर्वांपुढें ठेवावें असें मनांत आहे.

प्रथम हा खेळ काय आहे तें पाहूं. तो मूळचा जपानांतला. त्या देशांत खरीं शस्त्रें बाळगण्यावर कडक निर्बंध असल्यामुळें १९७० नंतरच्या दशकांत तेथें प्लास्टिकच्या गोळ्या उडविणाऱ्या बंदुका निघाल्या. गोळी बहुधा सहा मिलिमीटर व्यासाची, वजन सुमारें एक पंचमांश ग्रॅम. ती स्प्रिंगच्या, दाबलेल्या वायूच्या किंवा विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या जोरानें सुटते. सेकंदास शंभर मीटर वेगानें सुटली तर तिच्या अंगीं एक जूल इतकी शक्ति असते. जपाननें २००६ सालीं कायद्यानें जी मर्यादा घातली, ती याहून किंचित् कमीच आहे. एवढ्या शक्तीनें अंगावर लाल वळ उठतो, फार तर चार दिवस दुखतें. परंतु तीच गोळी उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा कायमचा जाऊं शकतो. खेळण्याची रीति पुष्कळ प्रकारची असली तरी साधी रीत अशी कीं, दोन पक्ष असतात, प्रत्येकाचें एक निशाण असतें. आपलें राखावयाचें व दुसऱ्याचें पळवावयाचें. ज्याला गोळी लागेल तो बाद.

या खेळाची खरी मेख येथेंच आहे. याचाच एक भाऊबंद पेंटबॉल. त्यांत रंगाची गोळी फुटून अंगावर डाग पडतो, आणि तो डाग दहा साक्षीदारांचें काम करतो. एअरसॉफ्टच्या गोळीचा डाग पडत नाहीं. लागली कीं नाहीं, हें ज्याला लागली त्यालाच ठाऊक. त्यानें आपण होऊन हात वर करावा, ‘लागली’ म्हणावें आणि मैदानाबाहेर जावें, या एका नियमावर सारा डोलारा उभा आहे. हा नियम ऐकला तेव्हां माझें मन या खेळाकडे थोडें वळलें.

तरीहि आवार देण्यापूर्वीं मीं पालकांची सभा बोलाविली. तींत नदीपलीकडील माहेर असलेल्या एका मातोश्री उठून म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या गांवीं बंदुकीचा आवाज झाला कीं आई आम्हांला घेऊन घरांत दडत असे. तीच वस्तु तुम्ही पोरांच्या हातांत खेळ म्हणून देतां?” सभा स्तब्ध झाली. मजजवळ तत्काळ उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर संपूर्ण उत्तर अजूनहि नाहीं. वैनगंगेच्या त्या तीरावरचा गडचिरोली मुलूख १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. तेथील दुःख आपल्याला परकें नाहीं. कुरखेडा तालुक्यांत जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजीं सुरुंगाच्या स्फोटांत पंधरा पोलीस जवान व त्यांच्या गाडीचा चालक मृत्यु पावले. अशा मुलुखांत बंदुकीसारखी दिसणारी वस्तु खांद्यावर टाकून कोणी रानांतून हिंडूं लागला, तर पाहणाराला ती खेळण्यांतली कशी कळावी? शिवाय आपलें रान वाघाचें आहे. मोहफुलें व तेंदूपानें वेंचावयास जाणारीं माणसें जेथें जीव मुठींत धरून वावरतात, तेथें चैन म्हणून झुडपांत दबा धरून बसणें हा शुद्ध वेडेपणा होय.

म्हणून त्या मातोश्रींच्या बोलण्यांतूनच आम्हीं नियम काढले. खेळ रानांत नाहीं, नदीकांठीं नाहीं, रस्त्यावर तर नाहींच. तो भिंतीच्या आंत, शाळेच्या आवारांतच व्हावा. बंदुका घरीं नेऊं नयेत. त्या शाळेच्या कपाटांत कुलपांत राहाव्यात. प्रत्येकीच्या नळीचें टोंक भडक नारिंगी रंगाचें असावें. पोलीस ठाण्यांत आगाऊ लेखी कळवावें. नववीखालील मुलांस प्रवेश नाहीं, आणि वरच्यांस पालकांच्या लेखी संमतीवांचून नाहीं. खेळ संपल्यावर सांडलेल्या गोळ्या झाडून गोळा कराव्यात, कारण आवारांत गाई-शेळ्या चरावयास येतात. हे नियम ऐकून आमचे माजी विद्यार्थी हिरमुसले, एकजण म्हणाला, “गुरुजी, मग मजा ती काय राहिली?” मी म्हणालों, “ती पाहूं.”

आतां शिकवणुकीची हकीकत. आमच्या हौशी शिक्षकांनीं पहिल्याच दिवशीं एक चूक केली, आणि मित्रांना कोणताहि नवा खेळ शिकवूं पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ती होते. स्वतः ते मुरलेले, सोबती कोरे. त्यांनीं आपला एक पक्ष केला व नवशिक्यांचा दुसरा. दहा मिनिटांत सारे नवशिके बाद झाले. शिकविणारे खुशींत होते. शिकणारांपैकीं दोघे वळ चोळीत घरीं गेले, ते पुन्हां आले नाहींत. ज्याला आपण खेळावयास बोलावितों तो आपला पाहुणा असतो. पाहुण्याला जेवावयास बोलावून त्याच्या ताटांतलें आपणच खाल्लें, तर तो पुन्हां कां यावा?

दुसऱ्या शनिवारपासून तालमीची रीत बदलली. पहिले दोन शनिवार बंदुका कपाटाबाहेर निघाल्याच नाहींत. मुलें आट्यापाट्या खेळलीं. आपल्या विदर्भांत हा खेळ कोणास शिकवावा लागत नाहीं. पाटीवरच्या गड्याला हुलकावणी कशी द्यावी, सोबत्यासाठीं वाट कशी मोकळी करावी, हें सारें त्यांत आहेच. त्यानंतर खुणांची भाषा, सोबत्यापासून फार दूर न जाणें, व पंचाची शिटी होतांच जागच्या जागीं थांबणें यांचा सराव झाला. तिसऱ्या शनिवारीं बंदूक हातीं आली. परंतु नळी सदा जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि डोळ्यांवर जाड चष्मा व तोंडावर मुखवटा चढविल्याशिवाय मैदानांत पाऊल नाहीं. खेळ चालू असतां कोणीं घाम पुसण्यासाठीं चष्मा उचलला कीं पंचानें शिटी वाजवून सर्वांचा डाव थांबवावा, असें ठरलें; एकाच्या डोळ्यासाठीं वीसजण थांबतात, हें मुलांनीं पाहणें फार अगत्याचें होतें. पक्षहि मिसळून केले. प्रत्येक जुन्या गड्याच्या हाताखालीं दोन नवे. जुन्यास गोळ्या मोजक्या, नव्यास भरपूर. यामुळें जो स्वतः गोळ्या मारण्यांत रमत होता, त्याला आपल्या दोघां नवशिक्यांना जपणें भाग पडलें.

भांडण व्हावयाचें तें झालेंच. एक चपळ व हुशार मुलगा, गोळी अंगावर आपटल्याचा आवाज सर्वांनीं ऐकला तरी, “लागली नाहीं” म्हणून धांवत सुटला व निशाण घेऊन आला. त्याच्या पक्षानें जयघोष केला. मीं त्याला कांहींएक बोललों नाहीं. मात्र पुढच्या डावांत दुसऱ्या पक्षांतहि कोणाला लागेना, तिसऱ्या डावांत कोणालाच लागेना. गोळ्या संपल्या, सगळे उभेच, आणि खेळांत जीव म्हणून उरला नाहीं. एका असत्यानें वीसजणांचा खेळ कसा मरतो, हें शंभर व्याख्यानांनीं जें शिकविलें नसतें तें त्या अर्ध्या तासानें शिकविलें. निघण्याच्या सुमारास नववींतील एक अबोल मुलगी माझ्याकडे आली व म्हणाली, “गुरुजी, मघां भिंतीमागें मला लागली होती. कोणीं पाहिलें नाहीं, म्हणून मी गप्प राहिलें.” तिनें हें सर्वांसमोर सांगावें, असें मी म्हणालों नाहीं, तिनेंच तें सांगितलें. तेव्हां तो चपळ मुलगाहि मान खालीं घालून “मलाहि लागली होती” असें बोलला. त्या दिवसापासून आमचा संघ खरोखर संघ झाला, असें मी मानतों. त्यानंतर डावाच्या शेवटीं आम्ही किती जणांस बाद केलें हें मोजीत नाहीं. कोणीं न पाहतां कोण आपण होऊन बाहेर आला, त्याचें नांव पहिल्यानें घेतों.

या बाबतींत एक गोष्ट मुलांना मीं सांगितली, ती येथेंहि सांगतों. पेंटबॉलचा पहिला डाव जून १९८१ मध्यें अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर येथील रानांत बाराजण मिळून खेळले. त्यांनीं वापरलेलीं पिस्तुलें झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्यासाठीं बनविलेलीं होतीं. तो डाव जिंकला एका जंगलकामगारानें, आणि त्यानें सर्व निशाणें गोळा करतांना एकहि गोळी झाडली नाहीं! रान ज्याला कळतें, पाऊल ज्याला जपून टाकतां येतें, त्याला चाप ओढण्याची गरज पडली नाहीं. झाडीच्या मुलुखांत वाढलेल्या आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली.

कोणी म्हणेल, ‘सचोटीच शिकवावयाची तर आट्यापाट्या काय वाईट?’ मुळींच वाईट नाहीं. ज्यांच्याजवळ पैसा किंवा सुरक्षित आवार नाहीं, त्यांनीं आट्यापाट्याच खेळाव्यात, त्यांचें कांहींएक कमी होणार नाहीं. ज्यांस नेमाचीच आवड आहे, त्यांनीं एन.सी.सी.ची व रायफल-नेमबाजीची राजरोस वाट धरावी. मुंबईच्या अंजली भागवत यांनीं एन.सी.सी.पासून आरंभ करून २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविलें. परंतु आमचीं मुलें शहरांत जाणार, हे नवे खेळ तेथें पाहणार, आणि परत येतांना बरोबर आणणार, हें ठरलेलें आहे. आपण दार लावून घेतलें तर तीं भिंतीपलीकडे, रानांत, चष्म्यावांचून व पंचावांचून खेळतील. त्यापेक्षां दार उघडून आपण स्वतः पंच म्हणून उभें राहणें बरें, असें माझें नम्र मत आहे.

त्या मातोश्री एका शनिवारीं भिंतीशीं उभ्या राहून खेळ पाहून गेल्या. “मला अजून बंदूक आवडत नाहीं,” त्या म्हणाल्या, “पण हात वर करणारीं पोरें आवडलीं.” माझेंहि मत याहून वेगळें नाहीं. विद्यार्थी मित्रहो, पुढें परीक्षेंत, व्यापारांत, कचेरींत अशा अनेक गोळ्या तुम्हांस लागतील कीं ज्यांचा डाग कोणास दिसणार नाहीं. तेव्हां हात वर करण्याची संवय असावी. आणि ती लागावयाची तर लहानपणीं, खेळतां खेळतांच लागते.