पॉइंट आणि पाणवठा

सहलीहून परतल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, "फोटो दाखव." आईने मात्र आमच्या गोरबोलीत दोनच प्रश्न विचारले : घाटात पाणी कुठे लागले, आणि तिथे माणसे कोण राहतात? तिला मी 'याडी' म्हणते. दोन दिवस चिखलदरा पाहून आलेल्या तिच्या मुलीला, बी. ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीला, एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. त्या शरमेपोटीच हे चार शब्द लिहीत आहे.

परतवाडा सोडले की सपाट वऱ्हाड मागे पडते आणि घाट सुरू होतो. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, हरिकेन पॉइंट, गाविलगड असा आमचा क्रम होता. गाडी थांबली की कठड्याशी जायचे, 'वा!' म्हणायचे, फोटो काढायचे आणि शिट्टी वाजली की परत गाडीत बसायचे. पंचबोलला आम्ही ओरडलो आणि दरीने आमचेच शब्द आम्हांला परत केले. आता वाटते, सबंध सहलीत आम्ही दुसऱ्या कोणाचे ऐकलेच नाही. दरी सुंदर आहे, यात शंका नाही. माझी तक्रार दरीविषयी नाही, आमच्या थांबण्याविषयी आहे.

आमचे पूर्वज लमाण. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते घाट ओलांडत. त्यांचा मुक्काम पाणी आणि चारा पाहून ठरे. आगगाडी आली, तो धंदा बुडाला आणि पुढे आमच्यातल्या कितीतरी जणांच्या हाती गिट्टी फोडायचा हातोडा आला. याडीनेही रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली आहे. कामाच्या जागी उतरल्यावर ती पहिल्यांदा पाणी शोधी. म्हणून तिचा पहिला प्रश्न पाण्याचा होता.

परत आल्यावर मी ग्रंथालयात बसले. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरातून रस्ता तयार करत तोफा वर ओढून नेल्या. त्या मोहिमेत इंग्रज फौजेला धान्य पुरवण्यात लमाणांच्या बैलांचा मोठा वाटा होता. पुढे 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा 'शोधून काढले', असे सांगतात. ज्या गडासाठी वीस वर्षांपूर्वी लढाई झाली, त्याच्या शेजारचे पठार हरवले होते कधी? कोरकू आणि गवळी तर तिथे आधीपासून नांदत होते. मग वाटले, आम्ही तरी वेगळे काय केले? आम्हीही पॉइंट शोधले, माणसे नाही.

कोणी म्हणेल, सहल ही करमणूक आहे, तिथे अभ्यास कशाला? मलाही करमणूक हवीच आहे. पण सहलीचे पैसे याडीने दोन हप्त्यांत भरले. तेवढ्या पैशांत दहा कठडे मिळावेत की एक ओळख, हा प्रश्न मला करमणुकीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या वर्षी निम्मे पॉइंट गाळावेत आणि अर्धा दिवस पायी चालावे. वाट दाखवायला तिथलाच माणूस घ्यावा, त्याला योग्य मजुरी द्यावी आणि झाडांची, ओढ्यांची नावे त्याच्याच बोलीत ऐकावीत. कोरकूंच्या घरांत डोकावून फोटो काढू नयेत, नाहीतर तोही एक पॉइंटच होईल. देवी पॉइंटपाशी चंद्रभागा उगम पावते आणि खाली वऱ्हाडात पूर्णेला मिळते. तिथे आम्ही पंधरा मिनिटे थांबलो होतो. हे पाणी कुठे जाते, असे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही.

याडीला आता मी चंद्रभागेचे नाव सांगितले आहे. कोरकू आणि गवळ्यांविषयी वाचलेलेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे झालं पुस्तकातलं. तू बोललीस का त्यांच्याशी?"