माळ्यावरची ताटे

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत एका अर्जाचा निकाल लागला. तो चुकीचा लागला असे आता माझे मत झाले आहे. अर्जाविरुद्ध हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा चार शब्द लिहिण्याची जबाबदारीही माझीच.

अर्ज येथल्याच एका कॉलेजातील विद्यार्थी-परिषदेच्या चिटणीस मुलीचा होता. पुढील महिन्यात होणाऱ्या स्नेहसंमेलनाच्या जेवणासाठी मंडळाची स्टीलची ताटे, वाट्या व पेले तीन दिवस मिळावेत, एवढीच मागणी. सोबत तिने एक वही आणली होती. तिने व तिच्या सोबत्यांनी आठ दिवस रोज संध्याकाळी कँटीनमागचा कचरा निवडून, तोलून त्यात टिपून ठेवला होता: पाण्याच्या बाटल्या किती, टाकलेले अन्न किती, चहाचे कागदी पेले किती. सर्वांत लांब रकाना पेल्यांचा होता.

आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "अगं, आपल्या इंदुरात कचऱ्याची गाडी दारात येते. ओला, सुका सगळा वेगळा करून नेतात. मग ही उठाठेव कशाला?"

ती म्हणाली, "काका, गाडी कचरा नेते. कमी नाही करत."

यावर कोणी उत्तर दिले नाही. भांडी हरवतील, पोचे पडतील, घासणार कोण, असे बोलणे झाले आणि अर्ज फेटाळला गेला.

आपल्या शहराच्या स्वच्छतेचा मला अभिमान आहे. २०१७ सालापासून देशातील स्वच्छ शहरांत इंदूरने सलग सात वेळा पहिला मान मिळविला. सातव्या वेळी तो सुरतेबरोबर वाटून घेतला. रोज ५५० टन ओला कचरा पचवून त्याचा गॅस करणारा कारखाना येथे २०२२ साली सुरू झाला. हे सफाई-कामगारांच्या कष्टाचे आणि घरोघरच्या शिस्तीचे फळ आहे. पण कचरा डोळ्यांआड गेला म्हणजे तो कमी झाला, असा एक गोड भ्रमही त्यातूनच उपजतो. गाडी जितकी वक्तशीर, तितका टाकणारा हात सैल.

कागदी पेल्याचेच पाहा. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले व ताटल्या देशभर बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी कागदाच्या आल्या. कागदच तो, कुजून जाईल, अशी आपली समजूत. परंतु चहा झिरपू नये म्हणून पेल्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे तो नीट कुजत नाही, आणि त्याचा पुन्हा लगदा करणेही सोपे राहत नाही. पाच मिनिटांच्या चहासाठी एवढा खटाटोप!

वाया काही जाऊ द्यावयाचे नाही, हा धडा या शहराने एके काळी जगाला दिला आहे. १९२४ साली होळकर दरबारच्या जमिनीवर वनस्पति-संशोधनाची संस्था येथे निघाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, काडीकचरा व शेण यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, काही महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. तीच पुढे 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. जे कुजते ते मातीला परत द्यावे, हे त्यांनी शिकविले. जे कुजत नाही ते पुन्हा पुन्हा वापरावे, एवढेच ही मुलगी म्हणते आहे.

आपल्या जुन्या घरांना हे सांगावे लागू नये. लुगड्याची गोधडी आणि धोतराचे फडके होई, ते आपल्याच घरांत. मात्र त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. पंक्ती उठल्यावर भांड्यांचे ढीग घासले ते घरच्या बायकांनी आणि मोलकरणींनी. टाकाऊ ताटल्या आल्या तेव्हा त्यांच्या पाठीला विसावा मिळाला, हे खोटे नाही. म्हणूनच त्या मुलीच्या वहीचे शेवटचे पान मला महत्त्वाचे वाटते. जेवील त्याने आपले ताट स्वतः घासावयाचे, असे तिने ठरविले आहे. देखरेखीसाठी पाळ्या लावल्या आहेत, आणि पहिली पाळी मुलांची आहे. 'घासणार कोण' याचे उत्तर त्या वहीत होते. आम्ही ते पान उलटलेच नाही.

माझाही एक कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वी नातवाची मुंज याच मंडळाच्या सभागृहात झाली. वर माळ्यावर ताटांच्या चवडी होत्या. बहुतेकांवर कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ म्हणून नाव कोरलेले. दोन डझनांवर माझ्या आईचे. तरीही मी कागदी ताटल्याच मागविल्या. जेवणानंतर भरलेल्या पिशव्या फाटकाशी रांगेने उभ्या होत्या. सकाळी गाडीने त्या नेल्या आणि मी निश्चिंत झालो. आईच्या नावाची ताटे वर धूळ खात राहिली.

ती ताटे देणाऱ्यांनी जेवणासाठी दिली होती, कुलपात ठेवण्यासाठी नव्हे. हवी तर अनामत घ्यावी, मोजून द्यावीत, मोजून परत घ्यावीत. चार हरवलीच, तर ती भरून देण्याइतकी ऐपत आम्हा सभासदांत खचित आहे. पुढील बैठकीत हा अर्ज पुन्हा घ्यावा, अशी सूचना मी चिटणिसांकडे लेखी दिली आहे. माळ्याची किल्ली सध्या माझ्याकडेच असते.