काही लागलं तर सांग...

गेल्या महिन्यात काका गेले. सांगलीजवळच्या आमच्या गावी. मी पुण्याहून पोचलो तेव्हा दुपार झाली होती, अग्नी देऊन परत येईपर्यंत अंधार पडला. दिवसभर मोबाईलवर मित्रांचे मेसेज येत होते. सगळ्यांचं एकच, "काही लागलं तर सांग." मी पण आजवर सगळ्यांना हेच लिहीत आलोय.

घरी आलो तर शेजारच्या मावशी पिठलं-भाकरी घेऊन ओसरीवर बसलेल्या. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी किंवा सोयरे जेवण आणतात. कडू घास म्हणतात त्याला. गंमत म्हणजे सामाईक भिंतीवरून या मावशींचा आणि काकूचा दोन वर्षं अबोला होता. काकू नको म्हणाली. मावशींनी ऐकलंच नाही. "दोन घास खा, रीत हाय," एवढंच बोलल्या. आणि काकूने खाल्लं! सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

मी तसा रूढी-बिढी न मानणारा माणूस. तेराव्याच्या जेवणावळीवरून बाबांशी कडाक्याचं भांडलोय. पण त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. "लागलं तर सांग" म्हटलं की सगळं काम दुःखातल्या माणसावर. काय हवंय ते त्यानेच ओळखायचं, कोणाकडे मागायचं ते ठरवायचं आणि संकोच सोडून फोनही त्यानेच करायचा. कोण करतं हो? मी तर नाही केला. रीत विचारतच बसत नाही. शिवाय देणाऱ्यालाही ती निमित्त देते. "तुझ्यासाठी आणलंय" असं म्हणावं लागलं असतं तर मावशी आल्याच नसत्या.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्याच रीती चांगल्या का? मुळीच नाही. त्याच अंगणात काकूच्या बांगड्या फोडायला निघालेली पण रीतच होती. चुलतबहीण आडवी आली म्हणून ते टळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केली, त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. म्हणजे रीती पाखडून घेता येतात. सूप अख्खंच फेकून द्यायची गरज नाही, आणि मी इतकी वर्षं तेच करत होतो.

पुण्यात मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे आजोबा गेले. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली, त्यात एक माझी. आजी त्या रात्री काय जेवल्या, कुणास ठाऊक.

असो. पिठलं मला बरं जमतं, भाकरी खालच्या पोळीभाजी केंद्रात मिळते. पुढच्या वेळी मी विचारणार नाही, सरळ बेल वाजवणार.