दया आणि हिशेब

अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तेथील संसद. नामसाम्य सोडले तर आपल्याकडील पक्षाशी तिचा संबंध नाही. तिच्या प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते, आणि कर बसविणारे विधेयक प्रथम याच गृहात मांडावे असे तेथील राज्यघटनेचे बंधन आहे. म्हणून या गृहाचा उमेदवार जेव्हा सांगतो की, आपण मूल्यांनी पुरोगामी आहोत आणि सरकारी पैशाच्या बाबतीत जबाबदारही आहोत, तेव्हा त्याचे बोलणे नुसते भाषण म्हणून सोडून देता येत नाही.

या वाक्याची दोन बाजूंनी टिंगल होते. एक पक्ष विचारतो, गरिबांचा कैवार घेणाऱ्याला हिशेब कधी जमला आहे काय? दुसरा पक्ष म्हणतो, हिशेब हे गरिबाला दारातून परत पाठविण्याचे सभ्य निमित्त होय. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. मात्र पैसा कोणाकडून घेणार हे जोवर उमेदवार सांगत नाही, तोवर त्याच्याही शब्दाला किंमत नाही.

पहिल्या पक्षाला आम्ही १९९३ सालाची आठवण देतो. आदल्या आर्थिक वर्षात अमेरिकन सरकारची तूट सुमारे २९० अब्ज डॉलरवर गेली होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या विधेयकाने श्रीमंतांच्या उत्पन्नावरील कराचा कमाल दर ३१ टक्क्यांवरून ३९.६ टक्क्यांवर नेला आणि पेट्रोलवर गॅलनमागे ४.३ सेंटची वाढ केली. त्याच विधेयकाने, राबूनही दारिद्र्यातून वर न येणाऱ्या कुटुंबांना करखात्यामार्फत मिळणारे साहाय्य भरघोस वाढविले. तूट घटविणे आणि दुबळ्याला हात देणे ही दोन्ही कामे एकाच कायद्यात झाली. ५ ऑगस्ट रोजी प्रतिनिधिगृहात ते २१८ विरुद्ध २१६ मतांनी संमत झाले; दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये मते समसमान पडली आणि उपाध्यक्ष अल गोर यांच्या मताने ते ५१ विरुद्ध ५० असे तरले. एकाही रिपब्लिकन सभासदाने त्यास पाठिंबा दिला नाही.

त्या रात्री ज्यांच्या मतावर सारे अवलंबून राहिले, त्या मार्जोरी मार्गोलिस-मेझविन्स्की पेन्सिल्व्हेनियातील, फिलाडेल्फियालगतच्या एका सधन मतदारसंघातून प्रथमच निवडून आलेल्या होत्या. विधेयकाच्या विरोधात मत देऊ, असे त्यांनी मतदारांना सांगितले होते. अखेर राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीवरून त्यांनी अनुकूल मत दिले, तेव्हा विरोधी बाकांवरील सभासदांनी त्यांना उपहासाने निरोप दिला. १९९४ च्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. दिलेला शब्द फिरविणे आम्ही भूषण मानीत नाही. पण मतदारांना आधी गोड सांगावे आणि सत्य मात्र मतदानाच्या क्षणी उच्चारावे, ही वेळ प्रतिनिधीवर कोण आणतो? कराचे नाव काढताच पाठ फिरविणारा मतदारच ना?

विरोधकांनी त्या कायद्यामुळे मंदी येईल असे बजावले होते. ती आली नाही. उलट १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे सरकारी तिजोरीत शिल्लक उरली. २००० साली ती २३६ अब्ज डॉलर होती. १९६९ नंतर असे प्रथमच घडत होते. या यशाचे सारे श्रेय एका कायद्याला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शीतयुद्ध संपल्याने संरक्षणखर्च उतरला, १९९० च्या कायद्याने खर्चाला वेसण घातली होती, आणि शेअरबाजाराच्या तेजीने करांची आवकही वाढली. परंतु श्रीमंतांवर कर वाढविला की देश बुडतो, हे भाकीत खोटे पडले एवढे निश्चित.

काटकसरीच्या नावाने दुबळ्याचाच खिसा कापता येतो, हेही त्याच राजवटीने १९९६ साली दाखविले. गरीब कुटुंबांना मिळणारी रोख मदत त्या वर्षीच्या कायद्याने राज्यांकडे ठोक रकमेने सोपविली. ही रक्कम वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलर ठरली. महागाईबरोबर ती वाढविण्याची तरतूद नव्हती. अमेरिकेतील आपल्या बिशपांनी विरोध केला. पीटर एडेलमन या वरिष्ठ अधिकाऱ्याने निषेधार्थ राजीनामा दिला. बाजारभाव चढत गेले, रक्कम तेथेच राहिली. याला बचत म्हणता येईल, जबाबदारी म्हणता येणार नाही.

आता २०२५ सालचा कायदा पाहा. सिनेटमध्ये पुन्हा ५१ विरुद्ध ५०, या वेळी उपाध्यक्ष व्हान्स यांचे मत निर्णायक. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज असा की, यामुळे दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, आणि २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी माणसे आरोग्यविम्याला मुकतील. गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेला कात्री लावूनही कर्ज वाढतेच, कारण करकपात त्याहून मोठी. ज्यांनी हे केले, त्यांनी पुरोगाम्यांना हिशेब शिकवावा काय?

दुसऱ्या पक्षालाही आम्ही सोडू इच्छित नाही. २०१९ च्या आरंभी प्रतिनिधिगृहाच्या नियमावलीत एक जुना नियम पुन्हा आला: नवा खर्च वा करकपात सुचवायची तर तेवढ्याच रकमेची सोय दाखवा. रो खन्ना, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्यासारख्या पुरोगाम्यांनी त्यास विरोध केला. त्यांचा रोष आम्हांस कळतो. २०१७ मध्ये सुमारे दीड लाख कोटी डॉलरची करकपात बिनतरतुदीची चालली. मग दवाखान्याच्या वेळीच नियम का आठवावा? पण रोष हे उत्तर नव्हे. २०२४ मध्ये अमेरिकन सरकारचे व्याज संरक्षणखर्चापेक्षाही अधिक झाले. हॉटेलात भांडी घासणाऱ्याच्या घरी सरकारी रोखे नसतात. त्याने भरलेल्या करातून मात्र रोखेधारकाचे व्याज फिटते. कर्जावर उभारलेली दया अखेर त्याच्याच माथी येते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांची लेकरे, भावंडे आज त्या देशाचे नागरिक होऊन तेथे मत देतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगन राज्यातून त्या गृहात निवडून गेले. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरापासून फार दूरचा नाही. तेथील आप्तांना पत्र लिहाल वा फोनवर बोलाल, तेव्हा एवढे अवश्य सांगा. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: योजनेचा लाभ कोणाला, तिचा भार कोणावर, आणि पैसा कमी पडला तर प्रथम कोणाचे थांबविणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दुबळ्याचे’ असेल, तर त्याची जबाबदारी खोटी. उत्तरच नसेल, तर त्याची दया खोटी. आणि जो स्पष्ट उत्तर देतो, त्याला कराच्या भीतीने घरी बसवू नये; नाहीतर पुढच्या वेळी खरे बोलणारा उमेदवार आपल्याला मिळणार नाही.