दहावीचे गुण आणि अकरावीची दरी

शाळेतच आठवीपासून ‘फाउंडेशन’चा वर्ग सुरू करावा, बाहेरच्या क्लासचे शिक्षक शाळेच्या वेळात आणावेत आणि त्यासाठी पालकांनी वेगळे शुल्क मोजावे, अशी मागणी अलीकडे आपल्या शाळांच्या पालकसभांतून उघडपणे केली जाते. ही मागणी करणारे पालक कष्टाळू आहेत आणि मुलांच्या भवितव्याविषयी त्यांना वाटणारी काळजी रास्त आहे. तरीही या मागणीला आमचा विरोध आहे. मुलाला महाविद्यालयासाठी आणि पुढील उपजीविकेसाठी तयार करणे हे शाळेचे कर्तव्य होय, याविषयी आमचे कोणाशी दुमत नाही. मात्र ज्या गोष्टीला आज ‘तयारी’ हे नाव दिले जात आहे, तिच्यामुळे मुलाची तयारी होते हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

प्रथम दहावीच्या निकालाकडे पाहू. राज्य मंडळाचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० साली एकदम ९५.३० टक्क्यांवर चढला. महाराष्ट्रातील मुले एका वर्षी मंद आणि दुसऱ्या वर्षी कुशाग्र झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतले गेले होते. ओरड झाली आणि पुढल्याच वर्षी ते गुण परत देण्यात आले. त्यात करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. म्हणजे निकालाचा पारा मुलांच्या ज्ञानाप्रमाणे नव्हे, तर गुण देण्याच्या रीतीप्रमाणे वर-खाली होतो. यात आणखी भर म्हणजे २०१० पासून चालत आलेली ‘बेस्ट फाइव्ह’ची पद्धत. सहांपैकी ज्या पाच विषयांत गुण अधिक, तेवढेच धरून टक्केवारी काढायची. परिणामी ज्या विषयात मूल सर्वांत कच्चे, नेमका तोच विषय टक्केवारीतून अदृश्य होतो! गणितात कसाबसा तरलेला मुलगा पंच्याऐंशी टक्क्यांच्या बळावर विज्ञान शाखेत जाऊन बसतो, आणि घरातील सर्वांना वाटते की आता वाट सरळ झाली.

ती वाट कुठे संपते, हे आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरांना ठाऊक आहे. मात्र त्याविषयी चारचौघांत बोलले जात नाही. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत मुलाच्या ध्यानी येते की, येथे कोणी फळ्यावर उत्तर लिहून देत नाही. प्राध्यापक बोलत जातात. त्यातले काय टिपून घ्यावे हे त्याला उमगत नाही. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीची भिंत लागते. इंग्रजी माध्यमातून आलेल्यालाही वेगळ्या अर्थाने तीच भिंत लागते, कारण दहा वर्षे इंग्रजीत शिकूनही स्वतःच्या मनाने दहा ओळी त्याने कधी लिहिलेल्या नसतात. ‘अपेक्षित प्रश्नसंचा’तील उत्तरे तेवढी उतरवलेली असतात. (माध्यमाच्या वादात आपण पुष्कळ वर्षे घालवली. दोन्ही माध्यमांत पाठांतरच शिकवले जात असेल, तर त्या वादाला फारसा अर्थ उरत नाही.) बारावीला एक-दोन विषय राहतात. मुलगा घरी बसतो किंवा मिळेल तेथे चिकटतो. मुलगी असेल तर तिचे शिक्षण तेथेच थांबवण्याचा विचार घरात लवकर होतो.

हे एकट्या आपल्या समाजाचे दुखणे नाही. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीचा २०२३ सालचा अहवाल देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांविषयी आहे. त्यांपैकी सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. याच वयाच्या मुलांसमोर आपण महाविद्यालय आणि ‘करिअर’ यांच्या गोष्टी करीत असतो.

आता क्लासकडे वळू. ‘नीट’ आणि ‘जेईई’ या परीक्षांत चार पर्यायांतून एक निवडण्याचे, किंवा फार तर एक संख्या लिहिण्याचे, काम असते. ते वेगाने करण्याचा सराव देणे हा क्लासचा धंदा आहे, आणि धंदा म्हणून तो चोख चालतो. तो धंदा करणाऱ्यांवर आमचा राग नाही. शाळेने त्या धंद्याला आपले छप्पर का द्यावे, एवढाच आमचा सवाल आहे. कनिष्ठ महाविद्यालयांचे काय झाले ते समोरच आहे. नाव एका महाविद्यालयात आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये, अशी सोय सर्वत्र झाली. विज्ञान शाखेचे वर्ग ओस पडले आणि प्रयोगशाळेतील उपकरणांवर धूळ साचली. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासने प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये काढली. जी गोष्ट क्लासने करू नये असे शासन सांगते, तीच शाळेच्या इमारतीत, शाळेच्या घंटेवर आणि शाळेच्या नावाने सुरू करा, असे आपले पालक म्हणत आहेत!

शिवाय या दोन परीक्षांतून शासकीय महाविद्यालयात पोहोचणारी मुले किती? एका वर्गातून एक-दोन निघाली तरी शाळेच्या दारावर त्यांचे फलक लागतात. उरलेल्या अठ्ठावन्न मुलांच्या तयारीचे काय, हे फलक लावणाऱ्यांना कोणी विचारीत नाही.

हा रोग आजचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि तेव्हापासून मॅट्रिकची परीक्षा शाळांच्या मानगुटीवर बसली. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावर बोट ठेवले होते. मॅट्रिकची परीक्षा शिक्षक आणि विद्यार्थी यांचे सारे लक्ष वाजवीपेक्षा अधिक खेचून घेते, अभ्यासक्रमात व्यवहाराचा अंश नाही आणि त्यामुळे मुलगा पुढे स्वतंत्रपणे जगण्यास लायक होत नाही, असा त्यांचा आशय होता. प्राथमिक शाळेत हिशेब, मोडी आणि बालबोध यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असेही त्यांनी मागितले. मॅट्रिकच्या जागी दहावी आणि बारावी एवढे शब्द घातले, तर हे निवेदन आजच्या एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवता येईल.

खुद्द हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचवल्या: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी. त्यानंतर ही शिफारस वेगवेगळ्या रूपांत कितीदा पुन्हा झाली! मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी कार्यानुभव मागितला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के मुले १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के मुले १९९५ पर्यंत व्यवसाय-शिक्षणाकडे वळवण्याचे ठरवले. महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय-शिक्षणाचा परिचय घडावा असे म्हटले. आणि त्याच धोरणाने नमूद केले आहे की, आपल्याकडील एकोणीस ते चोवीस वयाच्या काम करणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांना औपचारिक व्यवसाय-शिक्षण मिळालेले होते.

एवढ्या शहाण्या माणसांच्या शिफारशी अशा वाया का गेल्या? आमच्या मते कारण एकच आहे. हाताचे काम हे नेहमी दुसऱ्या दाराने देण्यात आले. हुशार मुले विद्यापीठाच्या दाराने जातील आणि ज्यांना गुण कमी पडले ती मुले त्या मागच्या दाराने जातील, अशी वाटणी झाली. एकदा ही वाटणी झाली की कोणता स्वाभिमानी बाप आपल्या मुलाला मागच्या दारी उभा करील? ‘एमसीव्हीसी’ला गेलेल्या मुलाकडे त्याच महाविद्यालयाच्या आवारात कोणत्या नजरेने पाहिले जाई, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. आणि जो कार्यानुभव सर्वांसाठी होता, त्याचे शाळांनी काय केले? क्रेप कागदाची फुले, पुठ्ठ्याची पेटी, खडूची पूड भरलेल्या बाटल्या. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री हे सर्व आईने घरी करून द्यायचे आणि शाळेने त्यावर ‘अ’ श्रेणी द्यायची. पुढे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेण्यात आली. ज्याने कधी करवत धरली नाही, रोप लावले नाही की यंत्र उघडून पाहिले नाही, त्याचा कल कागदावरच्या प्रश्नांतून कसा कळणार, याचे उत्तर आम्हांस अजून मिळालेले नाही.

वेगळ्या रीतीने हे करता येते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून सिद्ध झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस कामात घालवतात. लोखंड आणि लाकूडकाम, वीज आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य, असे त्याचे चार विभाग आहेत. मुले गावाला उपयोगी पडणारी कामे करतात आणि त्यांचा हिशेब ठेवतात. मंडळाने हा विषय मान्य केला आणि राज्यातील अनेक शाळांनी तो घेतला. यातील मर्माची गोष्ट अशी की, तो वर्गातील सर्वांसाठी आहे. बल्बचे कनेक्शन स्वतः जोडणाऱ्या मुलीला ओहमचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही, आणि पुढे ती अभियंता झाली काय किंवा शिक्षिका, ते ज्ञान तिच्यापासून कोणी काढून घेत नाही.

आपल्या परंपरेतही हे नवीन नाही. तुरिन शहरातील गरीब मुलांना कारागिरांकडे कामाला पाठवताना संत जॉन बॉस्को १८५० च्या दशकाच्या आरंभी मालकांशी लेखी करार करीत असत: मुलाला धंदा शिकवावा, घरगड्यासारखे राबवू नये, सुट्टी द्यावी. १८५३ साली त्यांनी चांभारकाम आणि शिवणकाम यांच्या स्वतःच्याच कार्यशाळा उघडल्या. आज आपल्या गावातील जो मुलगा बारावीनंतर एखाद्या गॅरेजात किंवा एसी दुरुस्तीच्या कामाला लागतो, त्याच्यासाठी असा कागद कोण करतो?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. दुसऱ्यांची मुले डॉक्टर होणार आणि आमच्या मुलांना तुम्ही पुन्हा सुतार, गवंडी आणि बागायतदार करणार काय? पिढ्यान्‌पिढ्या वाडीत पाणी शिंपून, डोक्यावर टोपल्या वाहून ज्यांनी मुलांना शिकवले, त्यांच्या तोंडी हा प्रश्न शोभतो. त्यांना आमचे उत्तर असे की, हाताचे काम आम्ही डॉक्टरच्या मुलासाठीही मागतो आहोत. ज्या क्षणी ते फक्त नापासांसाठी होईल, त्या क्षणी आम्हीही त्याला विरोध करू. आणि त्याच्याबरोबर आम्ही दुसरी गोष्टही मागतो, जी क्लास कधीच देणार नाही: वाचन आणि लेखन. आठवीपासून प्रत्येक मुलाने वर्षाला काही पुस्तके मराठीत आणि काही इंग्रजीत संपूर्ण वाचावीत, त्यांवर मार्गदर्शक न पाहता लिहावे, वर्गापुढे उभे राहून बोलावे आणि इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. शिक्षकाने एक तास केवळ बोलावे आणि मुलांनी टिपणे काढावीत. मग ती टिपणे तपासावीत. महाविद्यालय ज्याची अपेक्षा करते ते हेच आहे. ‘नीट’ २०१७ पासून आणि ‘जेईई मेन’ २०२१ पासून मराठीतही देता येते, पण जे मूल कोणत्याच भाषेत एक परिच्छेद समजून घेऊ शकत नाही, त्याला या सवलतीचा काय उपयोग?

वेळ कोठून आणायचा, असे मुख्याध्यापक विचारतील. ज्या शाळा दहावीच्या मुलांना दिवाळीपासून मार्चपर्यंत त्याच सराव प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा लिहावयास लावतात, त्यांनी वेळेची सबब सांगू नये. अधिकार कोठून आणायचा? घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. व्यवस्थापनाच्या वादात त्या हक्काची आठवण आपल्या संस्थांना लगेच होते. मंडळाचा अभ्यासक्रम सांभाळून आठवड्यातील एक अर्धा दिवस वेगळा काढण्यासाठी तेवढ्या मोठ्या हक्काची गरजही नाही. मुख्याध्यापकाची इच्छा आणि शाळा समितीचा एक ठराव पुरेसा आहे.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. प्रत्येक धर्मग्रामात सोनचाफ्याची कलमे बांधणारा बागायतदार आहे, मोटार गुंडाळणारा वायरमन आहे, सहकारी पतपेढीत हिशेब सांभाळून निवृत्त झालेला गृहस्थ आहे, रुग्णालयात तीस वर्षे काढलेली परिचारिका आहे. स्थानिक कारागिरांना आणि जाणकारांना शाळेत शिकवण्यासाठी घ्यावे, असे २०२० चे धोरणही सांगते. यांच्याकडे बी.एड.ची पदवी नाही, म्हणून त्यांना वर्गात उभे करणे बरे दिसणार नाही, असे एका शाळेच्या समितीत बोलले गेल्याचे आम्ही ऐकले. त्याच समितीने फाउंडेशनच्या क्लासला संध्याकाळी तीन वर्ग वापरावयास दिले आहेत, आणि तेथे शिकवणाऱ्यांच्या पदव्या कोणी पाहिलेल्या नाहीत.