पावसापुरती खोली नको, वर्षभराचे घर हवे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

विषय : मालवण किनारपट्टीवरील बिगरहंगामी भाडे-खोल्यांबाबत

महोदय,

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे तारकर्ली, देवबाग, वायरीत माडांच्या बागांतून होम-स्टे उभे राहिले आणि पैसा गावच्या माणसाच्या हाती आला, ही आनंदाचीच गोष्ट. पण मेअखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या नि जलक्रीडा बंद होतात, 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी दोन महिने थांबते आणि खोल्या ओस पडतात.

नेमकी जूनमध्येच शाळा सुरू होते. बदलून आलेल्या शिक्षिकेला, परिचारिकेला, एसटीच्या वाहकाला तेव्हा खोली मिळते, पण पावसापुरतीच. दिवाळीच्या तोंडावर ‘खोली मोकळी करा’ असा निरोप येतो. गॅसची शेगडी, पोरांची दप्तरे, परतीच्या पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी टेम्पोत चढते. मुलांची शाळा तीच राहते, घर लांब जाते.

घरमालकाला मात्र यात दोषी धरू नये. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजतात, डागडुजी दरवर्षी निघते आणि बँकेचा हप्ता बारा महिने सारखाच असतो. डिसेंबरातले रोजचे भाडे सोडून त्याने मासिक भाडे का पत्करावे?

त्यासाठी त्याला आधार द्यायला हवा. पीककर्जाची परतफेड हंगाम पाहून ठरते. होम-स्टेच्या कर्जालाही तोच न्याय लावण्याचा विषय आपल्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय बँक सल्लागार समितीत घ्यावा. वर्षभरासाठी घर देणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत देण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा.

दुसरे, तोंडी व्यवहार थांबावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद दोघांच्याही हिताचा. मालवणात दर मे महिन्यात नोंदणी शिबिर भरवावे. कराराचा सोपा मराठी नमुना द्यावा. त्यात खोली कधी सोडायची, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहिलेले असावे.

तहसील कार्यालयात रिकाम्या खोल्यांची यादीही ठेवावी.

शाळा सुरू होण्यापूर्वी भाडेकरू, घरमालक, बँका आणि ग्रामपंचायतींची एकत्र बैठक बोलवावी, ही आग्रहाची विनंती.

आपले,
मालवण तालुक्यातील भाडेकरू व घरमालक